पडद्याखालच्या चपला

सोमवार, ३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि उत्तर आज लिहितेय, म्हणून आधीच कान पकडते. पण कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. मावशी, मला काम मिळालं! कुणाच्या हाताखालचं नाही, माझं स्वतःचं. इथल्या संग्रहालयात एप्रिलमध्ये छायाचित्रांचं प्रदर्शन भरतंय आणि त्याचा कॅटलॉग मी करतेय. कागद मी निवडायचा, अक्षरं मी निवडायची, कुठला फोटो केवढा छापायचा ते मी ठरवायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांना समास आखून दिले, आता हे पुस्तक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत माझं. आई म्हणते की जेवतानासुद्धा माझे हात हवेत चौकोन काढत असतात.

आता विषय ऐक. फार पूर्वी, यंत्रमानव हा शब्दही लोकांच्या तोंडी रुळला नव्हता तेव्हा, एका घड्याळजींनी पत्र्याचा माणूस बनवला होता. चांगल्या उंच माणसापेक्षाही हातभर उंच, छातीवर रिव्हेटच्या ओळी, डोळ्यांच्या जागी दोन बल्ब. विजेच्या वस्तूंच्या एका मोठ्या प्रदर्शनात तो उभा असायचा. चालायचा, बसायचा, मान वळवायचा, आणि मुख्य म्हणजे लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं पत्रोबा. पुढे घड्याळजींचं वर्कशॉप बंद पडलं, पत्रोबा भंगारात गेला आणि आज त्याचा एक स्क्रूही शिल्लक नाही. उरलेत ते फोटो. ते त्यांच्या मुलीनं जपून ठेवले. त्या आता साठीच्या पुढे आहेत, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यात. त्यांच्यासमोर उभी राहिले की मी आपोआप माझी नखं तपासते. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात, मीही.

कॅटलॉगचा आकार मी उभट, अरुंद ठेवलाय, पत्रोबाच्या अंगासारखा. मुखपृष्ठाचा फोटोही ठरला. पत्रोबा एक पाय उचलून पुढे येतोय, समोर लोकांच्या पाठमोऱ्या माना, डावीकडे एक जाड काळा पडदा. फोटो बघताक्षणी मी खुर्चीवरून उठले. एकच भानगड आहे. भिंगाखाली पाहिलं तर पडद्याच्या खालून दोन चपला बाहेर आलेल्या दिसतात. बायकी, त्यातल्या एका चपलेचा पट्टा सुतळीनं बांधलेला. इतक्या दिमाखदार फोटोत त्या दातात अडकलेल्या काडीसारख्या वाटतात. रिटचिंगवाल्याला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात तो त्या पुसून टाकेल.

आई म्हणाली, त्याच सुमारास तू त्या शहरात टेलिफोनमध्ये नोकरीला होतीस. तू पाहिलं होतंस का गं पत्रोबाला? आठवत असेल तर दोन ओळी लिही. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. जन्मभर कानाला फोन लावून बसलेली बाई आता फोनच्या वाऱ्याला उभी राहत नाही, हे आईला अजून पटत नाही.

गुडघा कसा आहे? माझ्यावर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र उभ्यानं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. चहा तसाच गार झाला. आधी कामाचं सांगते. त्या चपला पुसू नकोस. त्या माझ्या आहेत.

आता घोटभर पाणी पी आणि पुढचं वाच.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दिवसभर एक्स्चेंजमध्ये बसून ‘कोणता नंबर हवा’ असं विचारायची. एक दिवस हे घड्याळजी आमच्या सुपरवायझरबाईंकडे आले आणि म्हणाले की तारेत कितीही खरखर असली तरी जिचा आवाज स्वच्छ कळतो ती मुलगी कोण, मला तिला भेटायचंय. मला वाटलं, तक्रार आली. बाहेर गेले. तर हा किडकिडीत माणूस, बोटांना तेलाचे डाग, आणि मला म्हणाला की त्याच्याकडे एक माणूस आहे ज्याला सगळं येतं, फक्त बोलता येत नाही.

ते अगदी खरं होतं. पत्रोबाचं चालणं, बसणं, मान वळवणं, त्यात काडीचीही लबाडी नव्हती. पोटात मोटारी आणि दातेरी चाकं होती, सगळी त्यांच्या हातची. बोलण्यासाठी त्यांनी आत ग्रामोफोन बसवून पाहिला होता. रंगीत तालमीला एका बड्या साहेबांनी पत्रोबाला वय विचारलं तर त्यानं हवामान सांगितलं, आणि सुई अडकल्यामुळे तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. उद्घाटन तोंडावर आलं होतं. मग मी रजा टाकली आणि पडद्यामागे जाऊन बसले.

कपाटाएवढी जागा, एक स्टूल, तोंडासमोर टेलिफोनचा भोंगा. तिथून तार थेट पत्रोबाच्या छातीत. पत्र्यातून घुमून आवाज असा निघायचा की तो कुणाचा आहे ते माझ्या आईनंही ओळखलं नसतं. मोटारींनी ती जागा भट्टीसारखी तापायची. मी चपला काढून बसायची, आणि फळ्या थरथरल्या की त्या सरकत सरकत पडद्याबाहेर जायच्या. बघायला पडद्याला एक भोक होतं. एकदा एका गृहस्थानं विचारलं की माझा चष्मा हरवलाय, कुठे आहे सांग. तो त्याच्याच कपाळावर होता. मी सांगितलं. त्यानं गावभर केलं की या यंत्राला दिसतंसुद्धा.

घड्याळजींची एकच अट होती, कुणाला सांगायचं नाही. घरी मी जादा पाळी आहे म्हणून सांगितलं. तुझी आजी गेली तरी तिला कळलं नाही. आता चपलांनीच चुगली केली त्याला माझा इलाज नाही. पण तू हे पोटात ठेव, आणि तुझ्या आईला तर मुळीच सांगू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

गुडघा कुरकुरतो, मी त्याच्यावर कुरकुरते. आमचं बरं चाललंय.

तुझी,
मावशी


बुधवार, १२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मी ऑफिसात उघडलं आणि अशी किंचाळले की शेजारच्या टेबलावरची शाई सांडली. तशीच धावत रिटचिंगवाल्याकडे गेले. त्यानं ब्रश भिजवलेला होता. राहू द्या म्हटल्यावर तो चकित झाला. म्हणाला, दिवसभर लोक हे काढा, ते काढा म्हणत येतात, राहू द्या म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सगळे फोटो पुन्हा काढून बसले. मी मूर्खासारखी प्रत्येक फोटोची डावी बाजू छाटत होते, पत्रोबा बरोबर मधे यावा म्हणून. म्हणजे प्रत्येक पानावर मी तुलाच कापत होते! आता सगळे फोटो अख्खे घेतेय. एक जोडपान तयारही केलंय. डावीकडे चपला एवढ्या मोठ्या की सुतळीचे पीळ दिसतात. उजवं पान कोरं, खाली एकच ओळ: ‘पत्रोबाचा आवाज’, आणि पुढे तुझं नाव. मी ते पान टेबलाला टेकवून ठेवलंय आणि येता-जाता बघते.

कुणालाही सांगितलेलं नाही. पण मावशी, एक अडचण आहे, आणि ती छोटी नाही. कॅटलॉगला प्रस्तावना बाईंची आहे. एक स्वल्पविरामही हलवायचा नाही, या अटीवर त्यांनी फोटो दिलेत. त्यात त्यांनी लिहिलंय की त्या सात वर्षांच्या असताना त्यांची आई अचानक घरातून दिसेनाशी झाली. जो तो सांगे की ती मामाकडे गेलीय, येईल. पुढचं त्यांच्याच शब्दांत उतरवते: “त्या दिवसांत मला एकाही माणसाने खरे सांगितले नाही. खरे सांगितले ते पत्रोबाने. तो यंत्र होता, म्हणून त्याला खोटे बोलता आले नाही.” सगळी प्रस्तावना या एका गोष्टीवर उभी आहे. संचालकांना ती इतकी आवडली की भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायची म्हणतात.

त्या दिवशी पडद्यामागे तूच होतीस का? असलीस तर मी काय छापू?

लवकर लिही. उत्तर येईपर्यंत मी कागदाचे नमुने चाळत बसते, पण बोटांना कागद कळत नाहीये.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
भिंगरी


सोमवार, १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मीच होते.

सकाळची वेळ होती, दारं उघडायची होती. घड्याळजी पत्रोबाच्या गुडघ्यांत तेल घालून हात धुवायला गेले होते. मी आधीच आत जाऊन बसले होते. सहज भोकातून पाहिलं तर पत्रोबासमोर घड्याळजींची मुलगी एकटी उभी. एक वेणी सुटलेली, फ्रॉकची बटणं एक सोडून एक लागलेली. बापानं लावलेली होती, दिसतच होतं. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हळूच विचारलं की आई परत येणार का.

मला सगळं माहीत होतं. घड्याळजींच्या पत्नी इस्पितळात होत्या आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. मुलीला काही कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. आणि आमचा नियम असा की पत्रोबा गप्प बसत नाही, काही ना काही बोलतोच. मी भोंगा तोंडाशी ओढला. ती मान वर करून त्या बल्बांकडे बघत उभी. शेवटी मी म्हटलं, “ते मला माहीत नाही. पण तुझी आई मामाकडे गेली नाही. ती खूप आजारी आहे. तिला भेटायचं असेल तर बाबांचा हात धर, आणि ते नेईपर्यंत सोडू नकोस.”

वाण्याकडून काही आणायला सांगितल्यासारखी तिनं मान हलवली आणि गेली.

त्या दिवशी घड्याळजी परत आलेच नाहीत. पत्रोबा दिवसभर बसून राहिला, नुसता बोलला. दुसऱ्या दिवशी ते आले, पडदा बाजूला करून मला विचारलं की तिला तू सांगितलंस का. मी हो म्हटलं. ते पत्रोबाच्या कोपराचा एक घट्ट स्क्रू कितीतरी वेळ आणखी घट्ट करत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले की काल मायलेकी दुपारभर बोलत होत्या. एवढंच. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. प्रदर्शन संपलं, मी एक्स्चेंजमध्ये परतले आणि ती मुलगी मला पुन्हा दिसली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चपला पुसून टाक.

नाव छापून यायची हौस नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, तुझं ते कोरं पान डोळ्यांपुढे आणून मी दोन दिवस आरशात बघून हसत होते. तरी पुसून टाक. त्या बाई ज्याच्या आधारानं उभ्या राहिल्या तो आधार मी या वयात त्यांच्या पाठीमागून काढून घेऊ? माणसांनी फसवलं, यंत्रानं नाही, एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं असेल तर काढू दे. मी पडद्यामागे होते, तिथे मला काही टोचत नव्हतं.

जेवणाची आबाळ करू नकोस. तुझ्यावर नेहमीप्रमाणे जीव टाकणारी,

मावशी


मंगळवार, २५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी तुझं ऐकणार होते. सोमवारी रिटचिंगवाल्याला पुन्हा बोलावलं होतं. पण शनिवारी बाई स्वतःच ऑफिसात आल्या, न कळवता, कॅटलॉगची डमी म्हणजे कच्ची प्रत बघायला.

मुखपृष्ठ मी भिंतीवर पुरुषभर उंचीचं लावलेलं होतं. त्यांनी हे फोटो आजवर तळहाताएवढेच पाहिले होते. आधी लांबून पाहिलं, हसल्या. मग जवळ गेल्या, चष्मा बदलला, वाकल्या. मावशी, ही बाई जन्मभर बाकांखालचे पाय बघून कोण गैरहजर आहे ते ओळखत आलेली. त्यांनी चपलांवर बोट ठेवलं, मग पडद्यावर, मग पत्रोबाच्या छातीवर. वळून मला विचारलं की आत कोण होतं.

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरं सांगायची परवानगी नव्हती. माझं तोंड तुला माहीतच आहे, त्यावर सगळं छापून येतं. बाई खुर्चीत बसल्या. एवढंच विचारलं, “आहे का ती अजून?” मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी डमीतून प्रस्तावनेची पानं टाचणी काढून सोडवली, घडी करून पर्समध्ये घातली आणि निघून गेल्या.

संचालकांचा पारा चढलाय. छापखान्यानं मशीन आमच्यासाठी राखून ठेवलंय. सात मार्चपर्यंत प्रस्तावना हातात आली नाही तर ते दुसरं काम चढवतील, आणि मग प्रदर्शन उघडेल ते कॅटलॉगशिवाय. माझं पहिलं काम आणि त्याची ही तऱ्हा. पण तुला एक सांगू? एवढं सगळं होऊनही मला भीतीपेक्षा हुरूपच जास्त वाटतोय. का ते कळत नाही.

आज बाईंचा फोन आला. आवाजात काही कळलं नाही. त्यांना तुझा पत्ता हवाय. तू नाही म्हणालीस तर मी देणार नाही, मला या कामावरून काढलं तरी.

तुझ्या शब्दाची वाट बघणारी,
भिंगरी


रविवार, २ मार्च

पडद्यामागच्या ताईंना,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही असं लिहिणार होते, पण ते बरोबर होणार नाही. तुमच्या भाचीनं सांगितलं की पत्ता द्यायची परवानगी तुम्ही फोन करून दिलीत, आणि तुम्ही फोन कधी करत नाही. त्याबद्दल आधी आभार.

पहिले दोन दिवस मला फार राग आला. तुमचा नव्हे, बाबांचा. वाटलं, त्यांनी आईबद्दल फसवलं ते फसवलं, पत्रोबाबद्दलही फसवलं. प्रस्तावना फाडून टाकायला हातात घेतली. फाडण्याआधी एकदा वाचली, सवयीनं, लाल पेन घेऊन. आणि त्या वाक्याशी थांबले. मला एकाही माणसानं खरं सांगितलं नाही, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य चूक आहे. मला एका माणसानं खरं सांगितलं होतं.

ताई, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मी मुलांना दोनदा तपासल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. शिक्षकांवर नाही, शेजाऱ्यांवर नाही. कुणी प्रेमानं बोललं की मला वाटे, काहीतरी लपवत असणार. आणि तिथे पडद्यामागे एक मुलगी बसली होती, नोकरी जाईल याची पर्वा न करता. काल मी जिना धावत उतरले. खाली शेजारीण भेटली, तिला वाटलं घरात आग लागली.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. मी बाबांचा हात धरला. ते सोड म्हणाले, ओरडले, मग विनवलं. मी सोडला नाही. शेवटी ते रस्त्यातच रडले आणि मला घेऊन गेले. आईनं मला पलंगावर घेतलं. माझ्या फ्रॉकची बटणं चुकली होती, ती तिनं एकेक काढून पुन्हा नीट लावली. हात थरथरत होते म्हणून खूप वेळ लागला. तेवढा वेळ मला मिळाला, तो तुमच्यामुळे.

आता दोन गोष्टी. चपला मुखपृष्ठावर राहतील. हे विचारत नाही, सांगते. दुसरी विनंती आहे. मला बाबा आठवतात ते घरातले, थकलेले, गप्प. तुम्ही त्यांना काम करताना पाहिलंत. ते कसे होते ते मला लिहून कळवाल का? प्रस्तावना मला नव्यानं लिहायचीय आणि छापखाना थांबणार नाही.

आपल्या उत्तराची आणि स्नेहाची अपेक्षा करणारी,
घड्याळजींची मुलगी


मंगळवार, ४ मार्च

चि. घड्याळजींच्या लेकीस,
अ. उ. आ.

तुला ‘तू’ म्हणते, रागावू नकोस. माझ्या डोळ्यांपुढे तू अजून सात वर्षांचीच आहेस आणि तुझी एक वेणी सुटलेली आहे. बटणांचं वाचून मी पत्र मिटून ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. मग पुन्हा उघडलं. ती चुकलेली बटणं मीही पाहिली होती.

बाबा कसे होते विचारतेस. कामावर ते गप्प मुळीच नव्हते. पत्रोबाला तेल घालताना जावयाला बोलावं तसं बोलायचे, अदबीनं आणि वैतागून. आज तरी नीट वागा, लोक आलेत, असं म्हणायचे. चाल सुधारली की नाही ते बघायला त्याच्या तळहातावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवायचे आणि स्वतः पुढ्यात उलट पावलांनी चालायचे, बाळ पहिली पावलं टाकताना बाप चालतो तसे. चहा सांडला नाही त्या दिवशी त्यांनी तोच कप मला आणून दिला आणि इतके हसले की ठसका लागला. शाळा सुटायची वेळ झाली की हातातलं काम खाली ठेवून दाराकडे बघत बसायचे. तू आलीस की पुन्हा कामाला लागायचे, जणू बघतच नव्हते.

तुझ्याशी ते खोटं बोलले ते घाबरून. एवढं मोठं यंत्र उभं करणारा माणूस, पण तुला कसं सांगायचं ते त्याला सुचलं नाही. मलाही सुचत नव्हतं. मला फक्त एक सोय होती, तुझ्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं.

प्रस्तावनेत माझं कौतुक करून त्यांना लहान करू नकोस. चालणं त्यांचं होतं, बोलणं माझं होतं. इतकंच लिही, ते खरं आहे आणि पुरेसंही.

एक सांगायचं राहिलं. तू मान हलवून गेलीस त्यानंतर दिवसभर मी कुणाच्या प्रश्नाला धड उत्तर दिलं नाही. पत्रोबा बिघडला, असं लोक म्हणत होते. माझं सगळं लक्ष दाराकडे होतं.

तब्येत सांभाळ. जिने जपून उतर. आता नातं जुळलंय तर ते वापरात ठेवू या.

तुझी,
ताई


शनिवार, २२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

छापलं! पहिला फर्मा मशीनवरून उतरला तेव्हा मी तिथेच उभी होते. शाई ओली होती, हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले होते. काळा रंग असा उतरलाय की पडद्यात बोट घालावंसं वाटतं. मशीनमन म्हणाला की इतक्या जुन्या फोटोत एवढी खोली येईल असं वाटलं नव्हतं, आणि मग तोही वाकून चपला बघायला लागला. माझी छाती अशी फुगली म्हणतेस.

बाईंनी नवी प्रस्तावना सात तारखेला सकाळी स्वतः आणून दिली, स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड नाही. जुनीच्या निम्मी आहे. शेवटचं वाक्य तुझं आहे, चालण्या-बोलण्याचं. संचालकांनी वाचली, चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं की या ताईंना उद्घाटनाला कोण घेऊन येणार. आधी हेच संचालक मला दारातून बाहेर काढायला निघाले होते! प्रस्तावनेच्या मथळ्यासाठी मी जे अक्षर निवडलंय ते बाईंना जरा नखरेल वाटतं. माझ्यासमोर त्यांनी तसं दोनदा म्हटलं. मी बदललं नाही. त्यांनीही तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

आईला आता सांगितलंय. तिनं आधी माझ्यावर तोंडसुख घेतलं, मग तुझ्यावर, आणि मग रडली. सध्या भेटेल त्याला सांगत सुटलीय. तुझा अंदाज अगदी बरोबर होता.

उद्घाटनाला तुला यायचंच आहे. मी घ्यायला येते, गुडघ्याची सबब चालणार नाही.

तुझ्याशिवाय हे पुस्तक अर्धवट छाटलेलं राहिलं असतं, हे जाणून असणारी,
भिंगरी


सोमवार, १२ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नव्या कामासाठी तू परगावी गेलीस ते छानच झालं, पण काल प्रदर्शनाचा शेवटचा दिवस तुझा चुकला म्हणून सगळं लिहिते. उद्घाटनाच्या गर्दीत मला काही धड बघता आलं नव्हतं. जो तो हातात तुझा कॅटलॉग घेऊन सही मागत होता, आणि मी फोटो बघायचे सोडून सह्या करत बसले होते. म्हणून काल पुन्हा गेले.

संग्रहालयाच्या सुतारांनी पत्रोबाचा फोटो पूर्ण उंचीच्या फळीवर चिकटवून मधल्या दालनात उभा केलाय. छातीत पत्र्याचा भोंगा, शेजारी काळा पडदा. पोरं रांग लावून त्याला प्रश्न विचारतात. दर रविवारी पडद्यामागे कोण बसतं ते तुला ठाऊक आहे का? आपल्या बाई. मला त्यांनी याबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. दारावरच्या माणसाकडून कळलं. म्हणे पहिल्या रविवारी जरा बिचकल्या, आता जेवायलासुद्धा उठत नाहीत.

मी रांगेत उभी राहिले. भिंगरे, माझ्या तेव्हा लक्षात आलं की पत्रोबाला बोलताना मी समोरून कधी पाहिलंच नव्हतं. मी कायम त्याच्या मागे. लोक एवढे का भारावून जायचे ते मला आजवर कळत नव्हतं. आवाज कुठून येतो ते पक्कं माहीत असूनही तो बोलायला लागला की मान आपोआप वर होते, त्याच्या डोळ्यांकडे. पोरं विचारत होती की तुला भूक लागते का, तुला गणित येतं का. बाई आवाज घुमवून मजेदार उत्तरं देत होत्या. मला वाटलं नव्हतं की ही बाई अशी गंमत करू शकत असेल.

माझी पाळी आली. आतून मी दिसत असणार, पडद्याला भोक आहे. मी आयुष्यात इतके प्रश्न ऐकले, पण पत्रोबाला स्वतः एकही विचारला नव्हता. मग जे त्याला कुणी कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, “कसा आहेस?”

भोंगा गप्प झाला. मागची पोरं ढकलाढकली करायला लागली. दारावरचा माणूस तार तपासायला पुढे आला. मग आवाज आला, आणि या वेळी तो घुमवलेला नव्हता.

“आता बरी आहे.”

पोरं खिदळली. रांगेतली एक चुणचुणीत मुलगी पुढे होऊन मोठ्यानं म्हणाली की अरे पत्रोबा, ‘बरी’ नाही, ‘बरा’ म्हण. पत्रोबानं तिचे मनापासून आभार मानले, पण चूक दुरुस्त केली नाही.

इथे सगळे खुशाल. जीव लावतेसच, तो असाच लावत राहा.

तुझी,
मावशी